वॉर्निंग गेली, पण चूक?

संशोधनात उतरलात की तुम्हाला कधी ना कधी कोड लिहावा लागणारच. प्रोग्राम कंपाइल होतो, स्क्रीनवर चार वॉर्निंग दिसतात आणि आपण म्हणतो, "चालतंय ना? मग जाऊ दे." या 'जाऊ दे'चा लिनक्स कर्नलमधला 13 वर्षांचा इतिहास आज बघू.

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि हार्डवेअर यांच्यातला दुवा. त्यात नेहमी असं होतं: व्हेरिएबल आधी जाहीर होतं, पण डिव्हाइसने उत्तर दिलं तरच त्यात किंमत भरली जाते. पुढे ते वापरतानाही तीच अट असते. हे आपल्याला कळतं, कंपायलरला दर वेळी कळत नाही. मग जीसीसी सांगतो, 'हे कदाचित न भरताच वापरलं जातंय.'

अशा खोट्या गजरांसाठी 2007 मध्ये कर्नलमध्ये 'अनइनिशियलाइज्ड व्हार' नावाचा मॅक्रो आला. त्याचं काम काय? 'एक्स = एक्स', एवढंच! व्हेरिएबलला स्वतःचीच किंमत द्यायची. मेमरीतला कचरा तसाच राहतो, जीसीसी मात्र गप्प बसतो.

खरी गोम पुढे आहे. मॅक्रो लावला त्या दिवशी कोड बरोबर असेलही. पण काही वर्षांनी दुसरं कोणी त्याच फंक्शनमध्ये नवी अट घालतं आणि तिथे किंमत भरायची राहून जाते. आता गजर खरा ठरला असता, पण घंटाच काढून ठेवलेली!

2020 मध्ये केस कुक यांनी हा मॅक्रो कर्नलभरातून काढला, लिनक्स 5.9 पासून तो नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी, 5.7 मध्ये, लिनस टोरवाल्ड्स यांनी ही 'कदाचित'वाली वॉर्निंग नेहमीच्या बिल्डमधून बंद केली होती. विसंगती वाटते ना? पण बंद केलेली वॉर्निंग हवी तेव्हा परत चालू करता येते. मॅक्रोने झाकलेली जागा तेव्हाही दिसत नाही.

मी स्वतः पहिल्या वर्षी अशीच वॉर्निंग घालवायला सगळीकडे सुरुवातीलाच शून्य भरलं होतं. नंतर आलेखात शून्यावर बिंदू दिसले. ते खरं मोजमाप की न भरलेली जागा, हे शोधण्यात आठवडा गेला.

म्हणून वॉर्निंग आली की आधी विचारा: ही किंमत कोणत्या वाटेने भरली जात नाही? उत्तर मिळाल्यावरच कोडला हात लावा.