अकबराच्या दरबारी तंबाखू

मोगलांच्या दरबारात तंबाखू दख्खनमधून गेली, आणि ती कशी गेली हे नेणाऱ्यानेच लिहून ठेवलं आहे. असद बेग हा अकबराचा वकील. १६०४ च्या सुमारास तो विजापूरला इब्राहिम आदिलशहाकडे गेला. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेलं हे पान तोवर विजापुरात रुळलं होतं. असद बेगला त्याचं भारी अप्रूप वाटलं. बादशहाला नजर करायला त्याने एक देखणा सरंजाम जमवला: सुमात्रातल्या अचीनहून आलेली तीन हात लांबीची नळी, दोन्ही टोकांना जडाव आणि मीनाकारी, ओठांशी धरायला येमेनी अकीकाची लांबट गोल मुखनळी. आदिलशहाने दिलेल्या विड्याच्या पानांच्या बटव्यात त्याने तंबाखू भरली, तीही अशी की एक पान पेटलं की बाकीची आपसूक धुमसत राहावीत.

या शेवटच्या तपशिलावरून त्याला माल कळत होता हे दिसतं. ओढायची तंबाखू नीट जळणं महत्त्वाचं. जमीन किंवा पाणी खारं असलं की पान धड जळत नाही. शेंडा खुडून फुटवे काढत राहिलं की पान जाड होतं, कडक होतं. मग ते वाळवायचं, थप्पी लावून मुरवायचं. एवढं झाल्यावर कुठे त्याला वास धरतो.

आग्र्याला अकबराने चांदीच्या तबकातली ती नळी पाहिली आणि हे काय म्हणून विचारलं. मक्का-मदिनेत हिचा बोलबाला आहे, औषध म्हणून आणली आहे, असं खान-ए-आझम या सरदाराने सांगितलं. हकीम आडवा आला. तरी असद बेगचं मन राखायला बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. मग वाद रंगला. आमच्या ग्रंथांत जिचा उल्लेख नाही, जी कुणी पारखलेली नाही, ती बादशहाला कशी देऊ, असं हकिमाचं म्हणणं. फिरंगी काही मूर्ख नाहीत, आणि प्रत्येक चाल कधीतरी नवीच असते, हा असद बेगचा जबाब. माझ्या मते हकीमच बरोबर होता. पारख झाल्याशिवाय औषध देऊ नये, हा वैद्याचा पहिला धर्म त्याने भर दरबारात पाळला.

अकबराने नळी पुन्हा धरली नाही. पण असद बेगने सोबत भरपूर माल आणला होता. त्याने तो सरदारांकडे पाठवला, ज्यांना मिळाला नाही त्यांनी मागून नेला, आणि लगोलग व्यापारी विकायला बसले. हुक्क्यासाठी तंबाखू कुटून गुळात किंवा काकवीत मळायची रीत पडली, अशा तंबाखूला गुडाखू म्हणतात. जहांगीराने १६१७ साली बंदीचं फर्मान काढलं, पण लोक ओढतच राहिले. त्याच शतकात गोव्यात पोर्तुगीज सरकार तंबाखूविक्रीचा मक्ता देऊन महसूल काढत होतं आणि ब्राझीलची तंबाखू जहाजांतून तिथे उतरत होती.