मेंदू आणि चयापचय

मेंदू आणि चयापचय : भूक केव्हा लागावी, शरीरात चरबी किती साठावी, यकृताने रक्तात किती साखर सोडावी, या व्यवहारांवर मेंदूचे, विशेषतः त्याच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसचे, नियंत्रण असते. लठ्ठपणा म्हणजे जादा खाणे आणि मधुमेह म्हणजे थकलेले स्वादुपिंड, हे समीकरण त्यामुळे अपुरे ठरते. दोन्ही विकारांत या नियंत्रणाच्या बिघाडाचा वाटा आहे. याची पहिली खूण जुनी आहे. क्लोद बेर्नार यांनी १८४९ मध्ये सशाच्या मेंदूत, चौथ्या पोकळीच्या तळाला सुई टोचली आणि त्याच्या लघवीत साखर उतरली. पुढे १९२१ मध्ये टोराँटोत इन्शुलिन हाती आले, त्याने असंख्य जीव वाचवले, आणि मधुमेहाचा विचार दीर्घकाळ स्वादुपिंडाभोवतीच फिरत राहिला.

मेंदूकडे लक्ष पुन्हा वळले ते उंदरांमुळे. अमेरिकेत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जनुकीय दोषाने लठ्ठ होणारे उंदरांचे दोन वाण होते, ‘ओबी’ आणि ‘डीबी’. डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदरांच्या कुशी शस्त्रक्रियेने जोडून एकाचे रक्त दुसऱ्यात पोचेल अशी व्यवस्था केली. डीबीला जोडलेल्या निरोगी उंदराने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. ओबी जोडला तर त्याचीही तीच गत झाली. डीबी मात्र लठ्ठच राहिला. कोलमन यांनी यातून काढलेला निष्कर्ष असा : तृप्तीचा निरोप देणारे एक द्रव्य रक्तात असते, ओबीला ते बनवता येत नाही, तर डीबी ते भरपूर बनवतो पण त्याला ते ओळखता येत नाही. हे द्रव्य म्हणजे चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन. त्याचे जनुक जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये शोधले. माणसातला दाखला तर मन हलवणारा आहे. इंग्लंडमधील एका मुलीच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हते. आठव्या वर्षी तिचे वजन ८६ किलो होते आणि भूक काही केल्या शमत नव्हती. रोज लेप्टिनचे इंजेक्शन सुरू झाल्यावर वर्षभरात तिचे १६ किलोंहून अधिक वजन उतरले, तेही जवळजवळ सगळे चरबीचे. या मुलीला कोणी खादाड म्हटले असेल, तर तो तिच्यावर अन्याय होता.

असे रुग्ण विरळाच, हा आक्षेप रास्त आहे. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नव्हे, जास्तच असते आणि ते टोचूनही वजन फारसे घटत नाही. पण यामुळे मेंदूचा मुद्दा बाद होत नाही. ही माणसे ओबीपेक्षा डीबीला जवळची आहेत : निरोप निघतो, तो पुरेसा ऐकला जात नाही. शिवाय मेंदू लेप्टिनच्या वाढीपेक्षा घटीला अधिक जोराने प्रतिसाद देतो. रॉकफेलर विद्यापीठात १९९५ मध्ये दिसले की वजन दहा टक्के उतरले की शरीराचा ऊर्जेचा खर्च अपेक्षेपेक्षाही खाली येतो. पुढे थोडे लेप्टिन देऊन तो बराचसा पूर्ववत झाला. पथ्य सुटले की वजन परत येते, याला ‘निग्रह नाही’ म्हणून बोट दाखवणे म्हणूनच चुकीचे आहे. सेमाग्लुटाइड हे औषध भूक कमी करते ते मुख्यतः मेंदूवर काम करून. ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. दोन पिढ्यांत माणसाची जनुके बदलली नाहीत, बदलला तो बाजार, हेही खरे. पण त्याच बाजारात सगळे सारखे लठ्ठ होत नाहीत, आणि हा फरक घडवणाऱ्या ज्ञात जनुकांपैकी पुष्कळ मेंदूत कार्यरत असतात.

मधुमेहाबाबत पुरावा अधिक गुंतागुंतीचा आहे. काही माणसांच्या अंगात चरबीच जवळजवळ नसते, म्हणून लेप्टिनही नसते. तरी त्यांना तीव्र मधुमेह होतो. लेप्टिन दिल्यावर त्यांची साखर उतरते, आणि खाणे तेवढेच ठेवले तरी इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो. म्हणजे हा परिणाम केवळ कमी खाण्याचा नाही. यावर सर्वांत बळकट आक्षेप असा की, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका वाढवणारी बरीचशी जनुके स्वादुपिंडातील बीटा पेशींशी निगडित आहेत. तो मान्य करावाच लागतो : बीटा पेशी पुरेसे इन्शुलिन पुरवत राहिल्या, तर लठ्ठ माणूसही मधुमेहाविना जगतो. याची उलट बाजू, म्हणजे सडपातळ माणसालाही होणारा मधुमेह, पुण्यातील संशोधनात दिसते. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की दिसायला सडपातळ भारतीयाच्या अंगात, तेवढ्याच उंची-वजनाच्या युरोपीय माणसाच्या दुपटीहून अधिक चरबी असू शकते, आणि या ठेवणीची सुरुवात गर्भातच होते. पुण्यातीलच मिलिंद वाटवे यांनी तर मधुमेहाचे मूळच वर्तनात आणि मेंदूत शोधले. इतके पुढे जायला बीटा पेशींचा पुरावा आडवा येतो. मात्र उंदरांच्या केवळ चेतापेशींतील इन्शुलिनचे ग्राही काढून टाकले, तेव्हा स्वादुपिंडाला धक्का न लावताही ते लठ्ठ होऊ लागले आणि त्यांचे शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले. हा २००० सालचा निष्कर्ष स्वादुपिंडाच्या बाजूने उलगडत नाही.