युकुलेलेचे शिर : शोभा, सोय आणि सूर

चार तारांच्या युकुलेलेत नाद घुमवण्याचे काम लाकडी पेटी करते आणि बोटे फिरतात ती मानेवर. तरीही दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाची नजर सर्वांत आधी जाते ती मानेच्या टोकाशी असलेल्या, तळहाताहूनही लहान अशा फळीकडे. या भागाला हेडस्टॉक म्हणतात; मराठीत त्याला वाद्याचे शिर म्हणता येईल. कारागिराची खूण, शिंपल्याची नक्षी, कोरलेली महिरप हे सारे इथेच असते. तारा गुंडाळणे, त्यांचा ताण धरून ठेवणे आणि सूर जुळवणे ही कामेही याच फळीकडे असतात. शोभा आणि काम एकाच जागी आल्यामुळे दोहोंत ओढाताण होते. तिची किंमत बहुधा नवशिका मोजतो. वाद्य सुरात राहत नाही, दोष आपल्याच कानाचा असावा असे त्याला वाटते आणि सहा महिन्यांत वाद्य खुंटीला टांगले जाते.

युकुलेलेचे मूळ गोव्यातील वाचकांना परके वाटू नये. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे ‘ब्रागिन्या’ किंवा ‘माशेते’ हे लहानसे तंतुवाद्य त्याचे पूर्वज होय. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेवन्सक्रॅग’ हे जहाज मदेराहून मजूर कुटुंबे घेऊन होनोलुलूला पोहोचले. त्यात मॅन्युएल नुनिस, ऑगुस्तो दियश आणि जोझे दु एस्पिरितु सांतु हे तीन सुतार कारागीर होते. हवाई बेटांवरच्या कोआ लाकडातून त्यांनी घडवलेल्या वाद्यांनाच पुढे ‘उकुलेले’ हे नाव मिळाले. या आरंभीच्या वाद्यांच्या खुंट्या लाकडाच्या, निमुळत्या आणि शिराच्या मागच्या बाजूने खोचलेल्या असत. पोर्तुगीज परंपरेत शिर हे ओळखीचे चिन्हच असते. फादोच्या साथीला वाजणाऱ्या बारा तारांच्या गितार्राला पंख्यासारखी पसरलेली स्क्रूंची रचना असते. त्या शिराचे टोक शंखासारखे वळलेले असेल तर वाद्य लिस्बन घडणीचे, थेंबासारखे असेल तर कुइंब्रा घडणीचे, असे जाणकार दुरूनच सांगतात. युकुलेलेनेही ही सवय उचलली. १९१६ साली होनोलुलूत सुरू झालेल्या कामाका घराण्याची दोन ‘के’ अक्षरांची खूण किंवा अमेरिकेतील मार्टिन कंपनीचे साधे, नक्षीविरहित शिर पाहून शौकीन आजही वाद्य ओळखतात.

आजच्या बाजारात मुख्य निवड असते ती सलग शिर आणि खाचांचे शिर यांत. सलग शिरात फळी अखंड असते आणि तार वर आलेल्या खांबाला गुंडाळली जाते. खाचांच्या शिरात फळीला दोन लांबट खिडक्या पाडलेल्या असतात आणि तार त्यांतील आडव्या रुळांवर गुंडाळते. अभिजात गिटारीचे शिर असेच असते, त्यामुळे खाचांच्या युकुलेलेला एक खानदानी रूप येते आणि पुष्कळांना तेच हवे असते. त्यात नादाच्या दृष्टीने काही तथ्यही आहे. तार खाचेत खोल उतरत असल्याने नटवर, म्हणजे मानेच्या टोकाशी असलेल्या खाचा पाडलेल्या आडव्या पट्टीवर, ती अधिक कोनात वळते. दाब वाढतो आणि तार नटवर सैल पडून झिणझिणत नाही. अडचण येते ती तार बदलताना. अरुंद खिडकीत बोट शिरत नाही, रुळाचे भोक दिसत नाही आणि नायलॉनची गुळगुळीत तार गाठ घट्ट होण्याआधीच निसटते. सलग शिरावर चारही तारा बदलायला लागणारा वेळ इथे सहज दुपटीवर जातो. शिवाय सर्वांत लहान, सोप्रानो युकुलेलेचे शिर इतके अरुंद असते की खिडक्या पाडल्यावर कडेला उरणारे लाकूड नाजूक होते आणि काही वेळा तारा खाचेच्या काठाला घासतात. मोठ्या टेनर युकुलेलेला हे रूप शोभते आणि झेपतेही. सोप्रानोला ते बहुधा केवळ हौसेपोटी दिलेले असते.

दुसरा वाद खुंट्यांचा, आणि शौकिनांत तो अधिक जोरात चालतो. घर्षणाने थांबणाऱ्या साध्या खुंटीत एक फेरा म्हणजे खांबाचा एक फेरा. गिटारीसारख्या दातेरी खुंटीत खांबाचा एक फेरा व्हायला मूठ साधारण १४ ते १८ वेळा फिरवावी लागते. सोप्रानोत नटपासून घोडीपर्यंतची तार सुमारे ३३ ते ३५ सेंटिमीटरच असते. इतक्या आखूड तारेवर साधी खुंटी केसभर हलली तरी सूर पुढे पळतो. म्हणून शिकणाऱ्याला दातेरी खुंटी सोयीची वाटते, आणि ते बरोबरच आहे. तिचे तोटे मात्र दुकानात दिसत नाहीत. तिच्या मुठी शिराच्या दोन्ही बाजूंना कानांसारख्या बाहेर येतात. जुन्या वळणाच्या वादकांना ते रूप खटकते, पण रूपापेक्षा तक्रार वजनाची आहे. सोप्रानोचे सगळे वजन अर्ध्या किलोहूनही कमी असू शकते. अशा हलक्या वाद्याच्या टोकाला धातूची चार यंत्रे बसली की मान खाली झुकते आणि डाव्या हाताला स्वर दाबण्याबरोबर वाद्य सांभाळण्याचेही काम लागते. मऊ पिशवीतून नेताना हे कान कशाला तरी टेकून आपोआप फिरतात, ही आणखी एक कटकट.

साधी खुंटी मागच्या बाजूने असल्याने समोरून शिर स्वच्छ दिसते आणि वजनही कमी राहते. मात्र वाद्य टेबलावर सपाट ठेवले की भार खुंट्यांवर येतो. धातूच्या घर्षणखुंटीला मुठीच्या टोकाशी एक स्क्रू असतो. तो थोडा आवळला की खुंटी घसरत नाही. बहुतेक नव्या वादकांना या स्क्रूचा पत्ताच नसतो, म्हणून ‘ही खुंटी टिकत नाही’ असा तिचा बोलबाला होतो. अलीकडे या दोहोंच्या मधला एक प्रकार आला आहे. दिसायला तो साध्या खुंटीसारखा असतो, पण दांड्याच्या आत लपलेल्या चक्रांमुळे मूठ चार वेळा फिरवली की खांबाचा एक फेरा होतो. वजन, रूप आणि अचूकता या तिन्ही बाबतींत तो समाधानकारक आहे; फक्त स्वस्त वाद्यावर तो परवडत नाही.

शिराच्या आकाराचाही सुराशी संबंध असतो. तारा नटमधून सरळ पुढे जात असतील तर त्या मोकळ्या सरकतात. शिर रुंद करून त्या फाकवल्या की नटच्या खाचेत अडकतात आणि सूर जुळवताना ‘टिक्’ असा आवाज करून उडी मारतात. इलेक्ट्रिक गिटारींत याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या शिरावर सहाही खुंट्या एका रांगेत असल्याने तारा सरळ जातात. गिब्सनच्या तीन-तीन खुंट्यांच्या, मागे झुकलेल्या शिरात मधल्या तारा वळून जातात आणि पडल्यावर ते शिर मानेपाशी मोडण्याचा धोकाही मोठा असतो. कारण झुकलेले शिर एकाच लाकडातून कापले की तिथे लाकडाचे रेषे आखूड पडतात. जाणते कारागीर म्हणून तिथे तिरका सांधा देतात. मानेच्या मागे दिसणारी ती रेघ पाहून ‘हे मोडून जोडलेले आहे’ असा समज करून घेणारे गिऱ्हाईक एक चांगले वाद्य हातचे घालवते.

हवामानाचा विचार मात्र खरेदीच्या वेळी क्वचितच होतो. मराठी घरांचाच विचार केला तरी गोव्याचा किनारा आणि तेलंगणातील भैंसा ही या बाबतीत दोन टोके होत. भैंसा हे पूर्वीच्या आदिलाबाद आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यातील, नांदेडच्या सीमेलगतचे गाव. तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि कोरड्या हवेत लाकूड आकसते. लाकडी खुंटी अशा वेळी भोकात सैल होऊन घसरते. गोव्याच्या पावसाळ्यात तीच खुंटी फुगून अडकते आणि हट्टाने पिळली तर शिराला चीर पाडते. दातेरी खुंटीला या आकसण्या-फुगण्याचा त्रास कमी, पण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत तिचा हलका धातू गंजतो. लहान गावात युकुलेले दुरुस्त करणारा कारागीर हाताशी असेलच असे नाही. तिथे नाजूक शिर ही चैन ठरते.

लाकडी खुंटीची ही रीत मराठी मुलखाला नवी नाही. तमाशातील तुणतुण्याची एकुलती तार खुंटीवरच ताणली जाते. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्याच्या खुंट्याही घर्षणावरच थांबतात. खुंटी घसरू लागली की गवई तिला खडू लावतात. सूर जुळवण्याचे सूक्ष्म काम तंबोऱ्यात खुंटीवर सोडलेलेच नसते. ते घोडीखालच्या मण्यांकडे असते. युकुलेलेला असे मणी नाहीत, त्यामुळे तिथे सारा भार खुंटीवर येतो.

भैंशाजवळच्या बासरचे गोदावरीकाठचे सरस्वती मंदिर प्रसिद्ध आहे. देवीच्या नावाने ओळखली जाणारी वीणा पाहिली तर शिराचा प्रश्न जुन्या कारागिरांनी कसा सोडवला ते कळते. सरस्वती वीणेच्या टोकाला कोरीव याळीचे मुख असते. ते कितीही नक्षीदार असो, एकही तार त्यावर ताणलेली नसते. खुंट्या त्याच्या अलीकडे, दांडीत असतात. शोभेची जागा कामाच्या जागेपासून वेगळी काढल्यामुळे नक्षीपायी सूर बिघडण्याचा प्रश्नच येत नाही. युकुलेलेच्या शिरात ही मुभा नाही.

म्हणून वाद्य घेताना शिराचे रूप शेवटी पाहावे. आधी वाद्य मांडीवर ठेवून डावा हात सोडावा आणि मान खाली कलते का ते बघावे. समोरून तारा नटमधून सरळ जातात की तिरप्या, हे पाहावे. प्रत्येक खुंटी अर्धा फेरा सैल करून पुन्हा चढवावी; तार धक्क्याने सरकली तर नटची खाच अरुंद आहे, आणि तशी खाच कानशीने काळजीपूर्वक रुंद करता येते. खाचांचेच शिर हवे असेल तर विक्रेत्याला समोर एक तार काढून पुन्हा बांधून दाखवायला सांगावे. नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस ताणत राहतात. त्या काळात सूर उतरला तर तो दोष ना शिराचा, ना खुंटीचा.