राक्षसाचे मुख आणि लोकांचा हात

भयाला रूप दिल्यावाचून मनुष्याच्या मनाला स्वस्थता लाभत नाही. अंधारात नुसता आवाज झाला तर तो दचकतो. परंतु त्या आवाजाला एकदा डोळे, दात आणि शिंगे चिकटविली म्हणजे त्याला दम देता येतो, त्याला नैवेद्य दाखविता येतो आणि प्रसंगी त्याच्याकडे पाहून हसताही येते. ज्या समाजाजवळ राक्षसाचे चित्र नाही असा समाज शोधून सापडणे कठीण. आजच्या भाषणाचा विषय असे एक चित्र आहे. ते अगदी अलीकडचे, म्हणजे 1993 सालचे. पण त्याची कुळकथा पाहू गेल्यास ती बरीच मागे जाते.

पालघर तालुक्यात केळवे आणि सफाळे ह्यांच्या परिसरात माकुणसार नावाचे गाव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांचा आणि पानवेलींचा हा टापू. येथील एखादा विद्यार्थी सकाळी केळवे रोड स्थानकावर गाडीची वाट पाहत उभा असतो, आणि हातातल्या मोबाइलवर त्याला एक वाटोळे, तांबडेलाल मुख दिसते. धड नाही, हातपाय असून नसल्यासारखे. कपाळावर एकच हिरवा डोळा, डोक्याला शिंगे, आणि सबंध देहाएवढा जबडा. ह्या मुखाला कोणी टोमॅटोची उपमा दिलेली असते, कोणी त्याच्या डोक्यावर वाढदिवसाची टोपी घातलेली असते, कोणी त्याला मांडीवरच्या मांजरासारखे कुरवाळताना रंगविलेले असते. विद्यार्थी हसतो आणि ते चित्र पुढे चार मित्रांना धाडून देतो. असे पुढे धाडल्या जाणाऱ्या चित्रालाच आजच्या भाषेत मीम म्हणतात. हा शब्द रिचर्ड डॉकिन्स ह्या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने 1976 साली प्रथम योजिला. गाणी, कल्पना, चालीरीती एका मनातून दुसऱ्या मनात नकलेने उतरतात, अशा उतरणाऱ्या गोष्टींना त्याला नाव हवे होते. इंटरनेटवरची थट्टेची चित्रे त्याच्या स्वप्नातही नव्हती.

त्या तांबड्या मुखाचे नाव कॅकोडीमन. ग्रीक भाषेत ह्याचा अर्थ दुष्ट पिशाच एवढाच होतो. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर ह्या मंडळींनी 10 डिसेंबर 1993 रोजी डूम नावाचा खेळ प्रसिद्ध केला. मंगळाच्या फोबॉस आणि डायमॉस ह्या दोन चंद्रांवर नरकाचे दार उघडते आणि एकटा सैनिक भुतावळीशी लढतो, अशी त्याची कथा आहे. कथा म्हणून ती फार थोर आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर तो खेळ ठेवण्याचा प्रयत्न होत असता वाट पाहणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली की, खुद्द ठेवणाऱ्यांनाच आत शिरावयास जागा मिळेना. खेळाचा पहिला भाग फुकट वाटण्यात आला होता. कॅकोडीमन त्या भागात नाही. तो दुसऱ्या भागात भेटतो. म्हणजे ज्याने पैसे मोजले त्यालाच ह्या राक्षसाचे दर्शन घडावयाचे. एखाद्या देवळातल्या पुजाऱ्यालाही ही युक्ती सुचली असती!

ह्या मुखाची जन्मकथा पुरती निष्कलंक नाही. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या एका कल्पित-खेळाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जेफ ईझ्ली ह्या चित्रकाराने एक प्रचंड एकाक्ष राक्षस रंगविला होता. त्याचा जबडा, त्याचा डोळा आणि कॅकोडीमनचे मुख ह्यांतील साम्य इतके उघड आहे की, ते दाखविण्यास पारख्याची गरज लागत नाही. एका हाताने काढावे आणि दुसऱ्याने उचलावे, ही परंपरा मीमकर्त्यांनी सुरू केलेली नव्हे, एवढे त्यावरून ध्यानात घ्यावे.

पण डूमच्या कर्त्यांनी एक उदार गोष्ट केली. खेळाचे यंत्र एका बाजूस आणि त्यातील चित्रे, आवाज, नकाशे दुसऱ्या बाजूस, अशी त्यांनी फोड करून ठेविली, आणि ती मुद्दाम, इतरांना बदल करता यावा म्हणून. लगोलग लोकांनी स्वतःची हत्यारे तयार केली, राक्षसांची रूपे पालटली, नवे नकाशे रचिले. 1997 च्या डिसेंबरात तर खेळाचे मूळ लेखनच सर्वांना खुले झाले. चित्रे मात्र खुली झाली नाहीत. त्यांवर कर्त्यांचा हक्क राहिला. तेव्हा काही हौशी मंडळींनी फ्रीडूम नावाचा उद्योग मांडला आणि प्रत्येक राक्षस नव्याने स्वतःच्या हाताने काढिला. तेथे कॅकोडीमनच्या जागी ट्रायलोबाइट नावाचा वेगळाच प्राणी तरंगतो. हक्काची भिंत आडवी आली म्हणून चित्र काढणे थांबले नाही. भिंतीच्या अलीकडे दुसरे चित्र उभे राहिले.

पुढे मूळ कंपनी 2009 मध्ये दुसऱ्या कंपनीने घेतली, आणि ती दुसरी कंपनी 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने. मुखाचा मालक असा बदलत गेला. मुख काढणारे लोक मात्र तेच राहिले, आणि त्यांच्या हाती ते मुख उत्तरोत्तर मवाळ होत गेले. 2020 च्या मार्च महिन्यात डूम इटर्नल हा नवा खेळ निघाला. त्यात कॅकोडीमन पूर्वीसारखाच चावरा आहे. परंतु त्याच खेळात कोपऱ्याकोपऱ्यांत दडविलेली चिमुकली खेळणी गोळा करावयाची असतात, आणि त्यांत ह्याच राक्षसाची एक गोजिरवाणी बाहुली आहे. बाजारात त्याची कापसाची बाहुलीही विकत मिळते. ज्याला पाहून 1993 साली मुले खुर्चीत मागे सरकत, तो आता उशाशी घेऊन निजण्याजोगा झाला.

हे पाहून काही विचारी माणसे खंत करितात. भयाचे असे हसे होणे म्हणजे मनाचा उथळपणा, असे त्यांचे म्हणणे. ह्या आक्षेपाचे उत्तर अमेरिकेत शोधण्याचे कारण नाही. ते पालघर जिल्ह्यातच सापडते.

ह्या जिल्ह्याच्या, म्हणजे 1 ऑगस्ट 2014 पर्यंतच्या ठाणे जिल्ह्याच्या, जंगलांत एकोणिसाव्या शतकात वाघ होते. आज वाघ उरला नाही; बिबळ्या आहे, आणि वारली मंडळी त्यालाही वाघच म्हणतात. ह्या वाघाचे त्यांनी काय केले? लाकडाच्या फळीवर अथवा दगडावर वाघ कोरला, शेजारी चंद्र-सूर्य काढिले, शेंदूर फासला आणि त्याला वाघोबा म्हटले. ‘बा’ हे बापाला, आजोबाला लावावयाचे पद. गुरे मारणाऱ्या जनावराला ते लावण्यात केवढे धैर्य आहे! एका प्रचलित कथेप्रमाणे वाघोबा हा एका स्त्रीच्याच पोटी जन्मला. तो गावची गुरे मारू लागला तेव्हा आईने त्याला रानात पाठविले, आणि गावाने त्याला आपल्या सीमेत जागा द्यावी, वर्षातून एकदा मान द्यावा, म्हणजे तो उपद्रव करणार नाही, असा करार घडवून आणिला. दिवाळीच्या तोंडावर येणारी वाघबारस ती ह्याच कराराची. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर ह्या जिल्ह्यांत अलीकडे संशोधकांनी वाघोबाची दीडशेच्या घरात स्थाने नोंदविली आहेत. त्यांचा वृत्तान्त 2021 मध्ये प्रसिद्ध झाला.

ह्या कोरीव फळ्यांवरचा वाघ पाहावा. कित्येक ठिकाणी तो मांजरासारखा दिसतो. डोळे वाटोळे, शेपटी वर, चेहरा जवळजवळ हसरा. कोरणाऱ्याला वाघ ठाऊक नव्हता असे मानणे वेडेपणाचे होईल. त्याच्या गोठ्यातले वासरू कदाचित आदल्याच महिन्यात गेलेले असेल. तो हसरा वाघ अज्ञानाचा नव्हे आणि उथळपणाचाही नव्हे. जो रोज दाराशी येतो त्याच्याशी रोज वैर धरून जगता येत नाही, ह्या अनुभवाचा तो आहे. कॅकोडीमनवर टोपी चढविणारा मुलगा आणि फळीवर वाघ कोरणारा वारली ह्यांत अंतर आहे, आणि ते लहान नाही. एकाचे भय खुर्चीवर बसून विकत घेतलेले; दुसऱ्याचे भय रात्री गोठ्यात शिरणारे. तथापि हाताची चाल एकच आहे.

धड नसलेले मुख म्हटले की आणखी एक जुना परिचित आठवतो, तो म्हणजे कीर्तिमुख. जालंधर दैत्याने राहूला शंकराकडे पाठविले आणि पार्वतीची मागणी केली. तेव्हा शंकराच्या क्रोधातून एक सिंहमुखी, हाडकुळा, भुकेने वखवखलेला प्राणी निघाला आणि राहूला गिळावयास धावला. राहू शरण आला. मग ह्या भुकेल्याने खावे काय? शंकराने सांगितले, स्वतःलाच खा. त्याने हातपाय खाल्ले, पोट खाल्ले, आणि शेवटी नुसते मुख उरले. प्रसन्न होऊन शंकराने त्याला आपल्या दारात कायमचे स्थान दिले. महाराष्ट्रातल्या जुन्या शिवालयांत गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर हे मुख आढळते, मूर्तीच्या प्रभावळीच्या शिरोभागीही आढळते. त्याचा प्रवास समुद्रापलीकडे झाला. जावा बेटातील बोरोबुदूरच्या नवव्या शतकातल्या कमानींवर ते काल ह्या नावाने जबडा पसरून बसले आहे. प्रत्येक पाथरवटाने त्यात स्वतःचे काही घातले. कोठे गाल फुगले, कोठे मिशा आल्या. परंतु ह्या हजारो मुखांपैकी कोणते कोणी घडविले हे विचारावयास गेल्यास बहुधा उत्तर मिळत नाही.

येथे खरा प्रश्न उपस्थित होतो. राक्षस मवाळ झाला, ह्यात कोणाचे काही बिघडत नाही. काढणाऱ्याचे नाव पुसले गेले म्हणजे मात्र बिघडते. एखादा मुलगा रात्र रात्र जागून कॅकोडीमनचे सुरेख चित्र काढितो, कोपऱ्यात आपली सही करितो. ते चित्र दहा हातांतून जाता जाता सही कापली जाते, वर एक विनोदी ओळ चढते, आणि दहाव्या माणसाला ते कोणाचेच वाटत नाही. मूळ कंपनीचा हक्क कायद्याने सुरक्षित. ह्या मुलाचा श्रम मात्र उघड्यावर.

वारली चित्रांनी हेच दुःख पूर्वी भोगिले आहे. लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघाट देवीचा चौक लिहिणे हे सुवासिनींचे काम. सहीचा तेथे प्रश्नच नव्हता. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे ह्यांनी ती कला भिंतीवरून कागदावर आणिली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते वारले. पण मधल्या काळात त्या त्रिकोणी माणसांच्या रांगा पेल्यांवर, चादरींवर, कुडत्यांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर जाऊन बसल्या, आणि ज्यांच्या घरची ती लिपी त्यांच्या हाती बहुतेक वेळा काहीच पडले नाही. पुढे वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. कायद्याने चोरी थांबतेच असे नाही. निदान चोरीला चोरी म्हणण्याची सोय होते.

मुखाचा हक्क कोणाकडे असावा, ह्या प्रश्नाची एक वेगळीच व्यवस्था जव्हार, मोखाडा भागातल्या बोहाड्यात दिसते. होळीनंतर उन्हाळ्यात, पावसाळा सुरू होण्यापूर्वी, कित्येक रात्री हा उत्सव चालतो. संबळ आणि पिपाणी वाजू लागली म्हणजे गणपती येतो, शारदा येते, मग एकामागून एक सोंगे नाचत येतात. रावणाचे सोंग आले की, त्या अनेक तोंडांचा भार सावरीत नाचणाऱ्याची तारांबळ पाहून पोरे ओरडतात, बायका तोंडाला पदर लावून हसतात. हसणे आणि भिणे तेथे एकाच क्षणी चालते. अखेरच्या सोहळ्यात जगदंबा महिषासुराचा वध करिते. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत. पुढे कागदाच्या लगद्याचे आले. गोव्यातही दिवाळीच्या आदल्या रात्री तरुण मंडळी नरकासुराचे अजस्र पुतळे उभारितात आणि पहाटे जाळून टाकितात. पण तेथला राक्षस एका रात्रीचा. बोहाड्यातला राक्षस घरचा असतो.

घरचा म्हणजे अक्षरशः घरचा. अनेक गावी अमुक सोंग अमुक घराण्याचे असे ठरलेले असते. बापानंतर मुलगा ते नाचवितो. तो हक्क आहे आणि ते ओझेही आहे. मुखवट्याची डागडुजी, रंग, नवस, सारे त्या घराने पाहावयाचे. सोंग दुसऱ्याने पाहून घरी पोरांपुढे नक्कल केली तर कोणी हरकत घेत नाही. कोळशाने भिंतीवर रावण काढिला तरी कोणी रागावत नाही. परंतु रावण कोणाचा, असे विचारिल्यास सबंध गाव एकाच दाराकडे बोट दाखविते.

डूमच्या चाहत्यांतही अशी रीत आहे, हे नमूद केले पाहिजे. नवे नकाशे वा नवे राक्षस वाटताना सोबत एक मजकूर जोडावयाचा, आणि त्यात कोणाचे चित्र घेतले, कोणाचा आवाज घेतला, कोणी तपासून पाहिले, ह्यांची नावे लिहावयाची, हा परिपाठ तेथे प्रारंभीच्या काळापासून आहे. कित्येकदा खेळापेक्षा तो मजकूरच लांब असतो. मीमकर्त्यांनी मात्र तो उचललेला नाही. त्यांना घाई फार.

बोहाडा संपतो तेव्हा बहुधा उजाडलेले असते. संबळवाला थकून बसतो, पिपाणी थांबते. रावणाचा मुखवटा उतरवून त्या घरची माणसे तो दोघातिघांनी धरून नेतात. पोरे मागे मागे जातात, आणि रात्री ज्याला पाहून आईच्या पदराआड दडली होती त्याच्या दातांना आता बोट लावून पाहतात. रंग कोठे उडाला, कोणते तोंड पिचले, हे घरातील वडील माणूस ओटीवर बसून न्याहाळतो. मग तो मुखवटा फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगून ठेवितात.