नागपूरच्या उन्हात कारला जाड ऑइल टाकायचं का? डब्यावरच्या '५डब्ल्यू-३०'चा अर्थ काय?

उन्हाळा लागला की एक सल्ला हमखास मिळतो: "नागपूरचं ऊन आहे, जाड ऑइल टाका." तुम्ही लकडगंजात राहता, रोज सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या सिग्नलवर थांबता आणि सुट्टीत टर्बो कार समृद्धी महामार्गावर काढता, तर हा सल्ला महागात पडू शकतो. का, ते पाहू.

आकडे काय सांगतात?

ऑइलच्या दाटपणाला विस्कॉसिटी म्हणतात. एसएईच्या मानकात 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो. ५डब्ल्यू ऑइल इंजिन फिरवण्याच्या चाचणीत उणे ३० अंशांवर तपासतात, १५डब्ल्यू उणे २० वर. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता. म्हणजे इथे १५डब्ल्यूनेही गाडी सुरू होईल. पण हा आकडा लहान असेल, तर सकाळी स्टार्टनंतर ऑइल लवकर सगळीकडे पोहोचतं.

दुसरा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा दाखवतो. खरी निवड इथे असते.

मग उन्हाचं काय?

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान होतं. पण चालत्या इंजिनातलं ऑइल एरवीही साधारण ९० ते ११० अंशांवर असतं. बाहेर ३० असो वा ४५, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर इंजिनाचं तापमान ठरावीक पट्ट्यात ठेवतात. ऑइल खरं तापतं ते जोरात गाडी चालवल्यावर.

चुकीचं ऑइल टाकलं तर?

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. ऑइल गरजेपेक्षा जाड असेल, तर स्टार्टनंतर ते तिथे उशिरा पोहोचतं आणि मायलेजही घटतं. फार पातळ असेल, तर बेअरिंगमधला थर तुटून धातूवर धातू घासतो.

निवड कशी करायची?

१. आधी कारचं मॅन्युअल उघडा. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ ला १०डब्ल्यू-६० लागतं, तर कित्येक नव्या इंजिनांना ०डब्ल्यू-२०. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

२. कंपनीचा मंजुरी क्रमांक जुळवा. उदाहरणार्थ, फोक्सवॅगनचा '५०२ ००'. ५डब्ल्यू-४० लिहिलेल्या प्रत्येक डब्यावर तो नसतो.

३. समृद्धीवर १२० च्या मर्यादेत चालवण्यासाठी वेगळा ग्रेड लागत नाही. ट्रॅकवर गाडी पळवत असाल आणि मॅन्युअलमध्ये दोन ग्रेड दिले असतील, तर त्यातला जाड घ्या.

४. लांबच्या प्रवासाआधी डिपस्टिक बघा. ग्रेड अचूक असला, तरी ऑइल कमी पडलं तर इंजिन वाचत नाही.

थोडक्यात: ऑइल ठरवताना थर्मामीटर नाही, मॅन्युअल बघा.