नऊ इंची लॅपटॉप आणि नाकारलेली सिस्टिम

आजवर या मालिकेत आपण मोहिमा, वेढे आणि तह यांच्याबद्दल बोललो. आज मी समोर एक लॅपटॉप घेऊन बसलो आहे. काही जण म्हणतील, कर्नलसाहेबांना झालंय काय? पण नकाशावरची असो नाहीतर यंत्रावरची, हद्द कोणी आखली हा प्रश्न इतिहासाचाच असतो. व्हिडिओत यंत्र दिसतंय. पुस्तकात वाचणाऱ्यांसाठी सांगतो: शाळेच्या वहीएवढं, किलोभर वजनाचं, काळ्या रंगाचं. हा डेलचा मिनी ९. कंपनीने तो सप्टेंबर २००८ मध्ये बाजारात आणला.

त्या काळी अशा यंत्रांना नेटबुक म्हणत. आजच्या मुलांना हा शब्दही ठाऊक नाही, इतकी ती लाट लवकर ओसरली. तिची सुरुवात गरीब मुलांसाठीच्या स्वस्त लॅपटॉपच्या कल्पनेतून झाली. निकोलस नेग्रोपाँटे यांच्या ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत झाला. योजना ठरवल्याएवढी फोफावली नाही, पण स्वस्त आणि लहान यंत्राला गिऱ्हाईक आहे हे कारखानदारांना कळलं. त्याच वर्षी तैवानच्या असूसने ईई पीसी आणला. सात इंची पडदा, चार जीबी साठवण आणि आत लिनक्स. पुढच्या वर्षी इंटेलने या वर्गासाठी ॲटम नावाचा प्रोसेसर काढला आणि मग सगळेच या धंद्यात उतरले.

मायक्रोसॉफ्टची पंचाईत झाली. व्हिस्टा ही त्यांची नवी सिस्टिम या चिमुकल्या यंत्रांना पेलवत नव्हती, आणि जुनी एक्सपी तर त्यांनी ३० जून २००८ पासून दुकानांतून काढून घ्यायचं ठरवलं होतं. शेवटी फक्त या स्वस्त यंत्रांसाठी एक्सपीला मुदतवाढ दिली. निवृत्त हवालदाराला पुन्हा बोलावून चौकीवर उभं करावं तसं. वर अट अशी की यंत्राची मेमरी एक जीबीपेक्षा जास्त नको. यंत्र जास्त पेलू शकत असलं तरी विकताना ते अशक्तच ठेवायचं. पुढे विंडोज ७ ची जी स्टार्टर आवृत्ती नेटबुकवर यायची, तिच्यात पडद्यामागचं चित्रसुद्धा बदलता येत नसे. त्यात तांत्रिक अडचण काही नव्हती.

ॲपलने नेटबुक काढलाच नाही. पाचशे डॉलरचा, टाकाऊ नसलेला संगणक कसा बनवायचा हे आम्हाला माहीत नाही, अशा अर्थाचं स्टीव्ह जॉब्ज ऑक्टोबर २००८ मध्ये गुंतवणूक विश्लेषकांपुढे म्हणाले होते. आणि नेमक्या त्याच सुमारास जगभरचे हौशी लोक साडेतीनशे डॉलरच्या मिनी ९ वर ॲपलची मॅक ओएस एक्स सिस्टिम चढवत होते. ॲपलचा पाठिंबा नाही, डेलचा नाही, आणि तरी ती चालत होती. वायफाय चालत होतं, आवाज येत होता, झाकण मिटलं की यंत्र झोपत होतं आणि उघडलं की जागं होत होतं. हे कसं शक्य झालं, ते पाहण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९८५ मध्ये जॉब्ज ॲपलमधून बाहेर पडले आणि त्यांनी नेक्स्ट ही कंपनी काढली. तिची सिस्टिम नेक्स्टस्टेप. ती आधी त्यांच्या स्वतःच्या काळ्या यंत्रावर चाले. यंत्रं खपेनात, तेव्हा १९९३ मध्ये कंपनीने यंत्रं बनवणं बंद केलं आणि सिस्टिम साध्या इंटेल ४८६ पीसीवर आणली. डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने नेक्स्ट विकत घेण्याचं जाहीर केलं. मॅक ओएस एक्स जन्मली ती या नेक्स्टस्टेपच्या पोटी. २००१ मध्ये ती बाजारात आली ती मात्र फक्त पॉवरपीसी प्रोसेसरच्या मॅकसाठी. मग जून २००५ मध्ये जॉब्जनी मंचावरून सांगितलं की गेली पाच वर्षं आम्ही प्रत्येक आवृत्ती गुपचूप इंटेलसाठीही बनवत आलो आहोत. २००६ पासून मॅकमध्ये इंटेल आला. म्हणजे मंडळी, ही सिस्टिम साध्या पीसीच्या घरात परकी नव्हती. तिची आई त्याच वाड्यात काही वर्षं राहून गेली होती.

म्हणून ‘सपोर्ट नाही’ हा शब्द ऐकला की मी आता थांबून विचारतो, नेमकं काय नाही? होत नाही, की आम्ही त्यावर खर्च करणार नाही, की आम्ही होऊ देणार नाही? फौजेतही ‘नॉट ऑथोराइज्ड’ असा शिक्का असतो. नव्या लेफ्टनंटला तो ‘अशक्य’ असा वाचू येतो. जुना सुभेदार तो बरोबर वाचतो.

मिनी ९ मध्ये ‘होत नाही’ हा भाग जवळजवळ नव्हताच. त्यातली चित्र दाखवणारी इंटेलची जीएमए ९५० चिप २००६ च्या मॅक मिनीत आणि मॅकबुकमध्येही होती, म्हणजे तिचे ड्रायव्हर ॲपलनेच लिहिलेले होते. अडथळे दोन. पहिला दाराशी. मॅक सुरू होतो ईएफआय पद्धतीने, मिनी ९ जुन्या बायोस पद्धतीने. यावर दुभाष्या हवा होता. तो लोकांनी ॲपलनेच खुल्या केलेल्या डार्विनच्या बूट कोडमधून बनवला. दुसरा अडथळा आतला, आणि तो मुद्दाम घातलेला. फाइंडर, डॉक असे सिस्टिमचे काही महत्त्वाचे भाग कुलूपबंद असतात आणि त्यांची किल्ली मॅकच्या बोर्डावरच्या एका चिपमध्ये असते. सिस्टिम त्या चिपला परवलीचा शब्द विचारते. उत्तर आलं तर पुढे. ज्या फाइलकडे हे काम आहे तिचं नावच मुळी ‘मॅक ओएस एक्स चोरू नका’ असं आहे. हौशी लोकांनी त्या चिपचं सोंग घेणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. मी सिग्नल्सचा माणूस. परवलीचा शब्द चोरून पहाऱ्याला फसवणं याला आमच्याकडे काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि हे करताना ते मला बोचलं होतं. पण केलं.

२००९ च्या पावसाळ्यात मी महूला होतो. भाच्याने अमेरिकेहून हा मिनी ९ आणला होता, उबुंटू लिनक्ससकट. सोबत मॅक ओएस एक्स लेपर्डची १२९ डॉलरची पक्की विकत घेतलेली डीव्हीडी. सरकारी कामाशी या यंत्राचा कधी संबंध आला नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यावर मी फक्त एक काम करत होतो. माझे वडील रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. इटारसी, नागपूर, भुसावळ या टापूत चालत्या डब्यात रात्रभर उभं राहून त्यांनी पत्रं लावली. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. संध्याकाळी ते सांगायचे आणि मी इन्स्क्रिप्टमध्ये टाइप करायचो. चाळीसेक पानं झाली होती.

कृती अशी होती. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही, म्हणून बाहेरचा उसना आणला. एका पेन ड्राइव्हवर तो दुभाष्या प्रोग्रॅम चढवला. यंत्र पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं, काळ्या पडद्यावर डार्विनचं नाव आलं की एस्केप दाबायचं आणि डीव्हीडीचा क्रमांक हाताने टाइप करायचा. मग राखाडी पडदा येतो आणि बराच वेळ काही घडत नाही. त्यानंतर ॲपलची नेहमीची इन्स्टॉलेशनची खिडकी उघडते. तिथे आतली सोळा जीबीची डिस्क पूर्ण पुसावी लागते, कारण विभागणीची पद्धतच वेगळी हवी असते. सिस्टिम बसली की पुन्हा पेन ड्राइव्हवरून सुरू करून दुभाष्या आणि दोन-चार ड्रायव्हर कायमचे आत बसवायचे.

रात्री साडेअकराला मॅकचं स्वागताचं संगीत वाजलं. मी एकटाच टाळ्या वाजवल्या. सौभाग्यवती उठून आल्या आणि म्हणाल्या, “बाबांचं कुठं ठेवलंत?”

पेन ड्राइव्हवर ठेवलं होतं. त्याच पेन ड्राइव्हवर, जो मी दुपारी दुभाष्यासाठी फॉरमॅट केला होता. डिस्क तर पुसलीच होती. तीस वर्षं मी जवानांना सांगत आलो होतो की संदेशाची दुसरी प्रत वेगळ्या वाटेने पाठवावी. अठरा पानं छापून ठेवलेली सापडली, बाकीची गेली. यात दोष ना सिस्टिमचा, ना लॅपटॉपचा, ना ज्यांची कृती मी वाचली त्यांचा. सूचनांत लिहिलं होतं. मी ती ओळ वाचून पुढे गेलो.

सकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “पत्र गहाळ झालं तर पुन्हा लिहितात.” आणि पुन्हा सांगायला लागले. पण दुसऱ्यांदा सांगितलेलं पहिल्यासारखं नव्हतं. पहिल्या वेळी भुसावळच्या फलाटावर त्यांना एक तार द्यावी लागली होती, तिचा प्रसंग होता. दुसऱ्या वेळी तो आलाच नाही. मी विचारलं तर म्हणाले, “असं काही सांगितलं होतं का मी?”

नव्या सिस्टिमवर टाइप करणं सोपं होतं, हेही सांगायला हवं. एक्सपीत मराठी उमटवायची तर आधी मूळ सीडीवरून जास्तीच्या फाइली घालाव्या लागत, आणि नेटबुकला सीडीची सोयच नाही. लेपर्डमध्ये देवनागरी आधीपासून बसलेली होती. गैरसोयीही होत्या. पडदा फक्त ६०० ठिपके उंच, म्हणून काही खिडक्यांचं ‘ओके’ बटण पडद्याच्या खाली राहायचं, हाताला लागायचंच नाही. कीबोर्डात अवतरणचिन्हाची कळ भलत्याच जागी, तळाच्या ओळीत. ती सवय मला शेवटपर्यंत लागली नाही.

आता कायद्याकडे येऊ. लेपर्डच्या करारात लिहिलं होतं की ही सिस्टिम ‘ॲपलचं लेबल असलेल्या’ संगणकावरच बसवता येईल. मग काही विनोदी मंडळींनी आपल्या लॅपटॉपवर सफरचंदाचे स्टिकर चिकटवले. डीव्हीडी विकत घेतली म्हणजे आपण हवी तिथे लावू, ही आपली भावना. कंपनीचं म्हणणं, आम्ही वस्तू विकलेली नाही, वापराची अट घातलेली परवानगी विकली आहे. याचा निकाल अमेरिकेत लागला. फ्लोरिडातली सायस्टार नावाची छोटी कंपनी एप्रिल २००८ पासून साध्या पीसीवर मॅक ओएस एक्स बसवून विकू लागली. जुलैमध्ये ॲपलने दावा लावला. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी ॲपलच्या बाजूने कौल दिला, डिसेंबरमध्ये कायमचा मनाई हुकूम झाला आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने निकाल मुळात उचलून धरला. सायस्टार दुसऱ्याच्या मालावर दुकान मांडत होती, तिच्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. पण घरात बसून आपल्या पैशाने घेतलेल्या दोन वस्तू एकत्र लावणारा माणूस आणि ती कंपनी यांना एका तागडीत घालणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. करार मी मोडला, हे मात्र खरं. ते मी लपवत नाही.

त्याच नोव्हेंबरात मॅक ओएस एक्स १०.६.२ आली आणि तिच्या गाभ्यातून ॲटमचा आधार गेला. अपडेट केलेला नेटबुक सुरू होता होता पुन्हा बंद व्हायचा, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मुद्दाम केलं की नाही यावर तेव्हा कडाक्याचं भांडण झालं. माझ्या मते ॲपलवर ठपका ठेवता येत नाही, कारण ॲटमचा मॅक त्यांनी कधी विकलाच नव्हता. शिवाय गाभ्याचा कोड खुला होता. काही दिवसांतच लोकांनी त्यात दुरुस्ती करून ॲटमवर चालणारा गाभा बनवला. मी मात्र अपडेट केलं नाही. एकदा पोळलो होतो.

खरी भिंत आली २०११ मध्ये. लायन या आवृत्तीला ६४ बिटचा प्रोसेसर लागत होता, आणि मिनी ९ चा ॲटम एन२७० आहे ३२ बिटचा. इथे पहिल्यांदा ‘सपोर्ट नाही’चा अर्थ ‘होत नाही’ असा झाला. तोवर आयपॅड आला होता, अकरा इंची मॅकबुक एअर आला होता आणि नेटबुक दुकानांतून दिसेनासे होऊ लागले होते.

पुढची गंमत पाहा. २०२० पासून ॲपलने इंटेल सोडून स्वतःचे प्रोसेसर घेतले, आणि २०२५ मध्ये जाहीर केलं की टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. म्हणजे साध्या पीसीवर मॅकची सिस्टिम चढवण्याचा वीस वर्षांचा उद्योग आता मिटणार. पण त्या उद्योगातून तयार झालेला ओपनकोर हा दुभाष्या आज वेगळ्याच कामाला लागला आहे. ॲपलनेच वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या मॅकवर नव्या आवृत्त्या चढवायला लोक तोच वापरतात. तिकडे विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि धडधाकट संगणकांना विंडोज ११ साठी ‘पात्र नाही’ असा शिक्का मिळाला, टीपीएम चिप जुनी म्हणून किंवा प्रोसेसर यादीत नाही म्हणून. तिथेही लोक वाटा शोधत आहेत. तुमच्यापैकी कोणी त्या वाटेने जाणार असेल तर आधी दुसरी प्रत काढा, आणि ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा.

हा मिनी ९ अजून चालतो. बॅटरी मेली आहे, चार्जर लावूनच चालू होतो. आता त्यावर डेबियन १२ आहे. डेबियन १३ पासून ३२ बिट यंत्रावर नव्याने बसवण्याची सोय त्यांनीही काढून टाकली, त्यामुळे याची ही शेवटची सिस्टिम. पंखा नाही, म्हणून आवाजही नाही. आत एक फाइल आहे, ‘बाबा, दुसऱ्यांदा’. तिच्यात भुसावळच्या फलाटासाठी मी अर्धं पान कोरं ठेवलं होतं. बाबा २०१२ मध्ये गेले. तार कोणाची होती ते मला आठवतं, पण ती देताना ते काय म्हणाले ते आठवत नाही. पान तसंच आहे.