एका शिलिंगची सहल : लफबरा गाव आणि सुट्टीचा इतिहास

इंग्लंडच्या मध्यभागी, लेस्टरशायर परगण्यात लफबरा नावाचं गाव आहे. इंग्रजी स्पेलिंग पाहून वाचायला गेलात तर निम्मी अक्षरं घशात अडकतात, तेव्हा कानानंच ऐका: लफबरा. १२२१ साली इथे आठवडी बाजार भरवायला राजाची परवानगी मिळाली. आज आठशे वर्षं होऊन गेली, तरी गुरुवारी आणि शनिवारी बाजार भरतो आणि नोव्हेंबरात गावच्या रस्त्यांवर जत्रा लागते.

अशा गावांना तिकडे ‘मार्केट टाउन’ म्हणतात. त्यांच्या आसपास एका दिवसात काय काय बघता येईल, याच्या याद्या आपण बघतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यानं आधी एक प्रश्न विचारायला हवा. सुट्टीच्या दिवशी नुसतं फिरायला जायचं, ही कल्पना सामान्य माणसाच्या आयुष्यात आली कधी? त्या प्रश्नाच्या उत्तरातलं एक मोठं पान याच गावात लिहिलं गेलंय.

पूर्वी माणूस घराबाहेर पडत नव्हता असं नाही. बाजाराला जायचा, जत्रेला जायचा, यात्रेला जायचा. पण त्या जाण्याला निमित्त लागायचं. धान्य विकायचंय, गुरं घ्यायचीत, नवस फेडायचाय. करमणूक व्हायची, पण ती कामाच्या किंवा धर्माच्या पदराला बांधलेली. नुसतं बघायला, मजा करायला दूर जाणं ही पैसेवाल्यांची चैन होती.

आता या १८४१ सालात. थॉमस कुक हा ३२ वर्षांचा माणूस, धंद्यानं सुतार, मनानं बाप्टिस्ट धर्मोपदेशक आणि दारूचा कट्टर विरोधक. तो मार्केट हारबरा या दुसऱ्या बाजारगावी राहायचा. जून महिन्यात एका दारूविरोधी सभेसाठी तो पायी लेस्टरला निघाला होता. वाटेत त्याच्या मनात आलं, ही नवी आगगाडी आपल्या चळवळीला का वापरू नये? लेस्टरमधून जाणारी मिडलंड काउंटीज रेल्वे सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कुकनं रेल्वे कंपनीशी बोलणी केली आणि ५ जुलै १८४१ रोजी खास गाडी सुटली, लेस्टरहून लफबराला. अंतर साधारण ११ मैल, जाऊन-येऊन भाडं १ शिलिंग, माणसं सुमारे ५००. बहुतेकांना मिळाले ते बिनछपराचे उघडे डबे. लफबराच्या एका बागेत चहापान झालं, खेळ झाले, भाषणं झाली आणि संध्याकाळी मंडळी परतली.

ही जगातली पहिली रेल्वे सहल, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. ते खरं नाही. आदल्याच वर्षी, १८४० साली, नॉटिंगहॅमच्या कामगार-शिक्षण संस्थेनं लेस्टरचं प्रदर्शन बघायला गाडी नेली होती. मग कुकचं महत्त्व कशात? त्यानं हे पुन्हा पुन्हा केलं आणि १८४५ पासून त्याचा धंदा केला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाला त्यानं दीड लाखाच्या वर माणसं नेली. गुत्त्यापासून माणूस दूर ठेवायला काढलेली सहल पुढे पर्यटनाचा उद्योग झाली. १८८१ मध्ये त्या पेढीची कचेरी आपल्या मुंबईतही उघडली.

पण मंडळी, नुसत्या गाडीनं सहल होत नाही. भाडं परवडलं पाहिजे आणि दिवस मोकळा पाहिजे. १८४४ च्या कायद्यानं रेल्वे कंपन्यांना रोज निदान एक गाडी मैलाला १ पेनी दरानं सोडणं भाग पाडलं, आणि तिसऱ्या वर्गाच्या डोक्यावर छप्पर आलं. १८५० च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या बायकांचं आणि मुलांचं काम शनिवारी दुपारी २ ला थांबलं. १८७१ मध्ये बँक हॉलिडे आले. यातलं काहीही वरून प्रसाद म्हणून पडलं नाही, त्यामागे वर्षानुवर्षांची मागणी होती. आपल्याला हे नवीन नाही. नारायण मेघाजी लोखंडे झगडले, तेव्हा कुठे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला.

आता पुन्हा लफबरात येऊ. आजचा पाहुणा इथे काय बघतो? पहिली, टेलरांची घंटांची ओतशाळा. हे कुटुंब १८३९ साली गावच्या चर्चच्या घंटा नव्यानं ओतायला आलं आणि इथलंच झालं. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधली १६ टनांहून जड ‘ग्रेट पॉल’ घंटा १८८१ साली इथेच ओतली. दुसरा, क्वीन्स पार्कमधला कॅरिलॉन मनोरा. पहिल्या महायुद्धात पडलेल्या गावकऱ्यांच्या स्मरणार्थ तो १९२३ साली उभा राहिला. त्यात टेलरांच्याच ४७ घंटा आहेत. सगळ्यांत मोठी घंटा ओतशाळेच्या मालकानं युद्धात गेलेल्या आपल्या तीन पुतण्यांसाठी दिली. तिसरी, ग्रेट सेंट्रल रेल्वे. १८९९ साली लंडनपर्यंत गेलेला हा मार्ग १९६९ मध्ये इथे बंद पडला. हौशी लोकांनी पैसे आणि घाम घालून लफबरा ते लेस्टरची उत्तर वेस असा ८ मैलांचा तुकडा जगवला. आज तिथे दुहेरी रुळांवर वाफेची इंजिनं धावतात.

काय लक्षात येतं? भट्टी, रूळ, इंजिन ही सगळी कामाची ठिकाणं. आजोबा जिथे कोळसा ओढत होते, तिथे नातवंडं तिकीट काढून जातात.

आणि एक गोष्ट दिसत नाही. २८ जून १८१६ च्या रात्री याच गावात जॉन हीथकोटच्या लेस कारखान्यात लडाइट टोळी घुसली आणि ५५ यंत्रं फोडून गेली. पुढे काहींना फाशी झाली. हीथकोटनं बस्तान डेव्हनमधल्या टिव्हर्टनला हलवलं आणि त्याचे कित्येक कामगार तिकडे चालत गेले. दोनेकशे मैल. कुकच्या गाडीच्या अवघं पाव शतक आधी, याच गावातून. त्यांचं ते चालणं सहलीचं नव्हतं, पोटासाठीचं होतं.

प्रेक्षणीय स्थळांचा हाच स्वभाव आहे. जे उरलं तेच दाखवता येतं. घंटा उरल्या, इंजिनं उरली. फुटलेली यंत्रं आणि गाव सोडून गेलेली माणसं कुठल्या काचेच्या कपाटात ठेवणार? म्हणून सहलीला जरूर जा, लफबरालाच नव्हे, कुठेही. फक्त जे तिथे मांडलेलं आहे ते बघून झालं की, जे मांडता आलं नाही त्याबद्दल एक प्रश्न विचारा. आणि ज्या मोकळ्या दिवशी तुम्ही तिथे उभे आहात, तो दिवस कोणी मिळवून दिला, हा दुसरा.

इथे थांबतो.